दुपट्याचं टोक

रविवारी नेसलेली साडी काल उन्हात टाकली होती. आज घडी घालायला घेतली, तर पदराच्या काठाला कापसाचा एक पुंजका अजून चिकटलेला. ओढला तरी निघेना. या दिवसांत आमच्याकडे कापूस कुठं नसतो म्हणा. सिंदी रेल्वेकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाभळींना तो लटकलेला असतो, कारण कापसाच्या गाड्या इतक्या भरलेल्या असतात की जाता जाता काटे आपला वाटा काढून घेतात. एसटीच्या खिडकीतून तो आत येतो. केसांत सापडतो, चहाच्या गाळणीत सापडतो. माझ्या उपकेंद्रात लशीच्या डब्यावरसुद्धा बसतो, आणि मग वरून तपासणी आली की मला बोलणी खावी लागतात.

लोकांना हा हंगाम आवडतो. आमच्या घरीही आवडतो. तुरीला पिवळा फुलोरा असतो, पहाटे धुकं पडतं, पहिल्या वेचणीला शेजारपाजारची घरं शेतात सीतादहीची पूजा करतात आणि दहीभाताचा घास आमच्याही हातावर येतो. सगळ्यांचे चेहरे जरा उजळलेले असतात. मला मात्र बोंडं फुटायला लागली की हा हंगाम नकोसा होतो. स्पष्टच सांगते, मला भीती वाटते. गेली तेवीस वर्षं, दर कापसाला.

त्याचं कारण आमच्या चर्चमधला कापसाचा रविवार. इतर ठिकाणी सुगीचा सण म्हणतात, कोहळे, भाज्या, कोंबड्या घेऊन येतात. आमची मंडळी म्हणजे पंधरा-वीस घरं, सगळी शेतकरी, आणि शेतात मुख्य पीक कापूस. म्हणून इथं पहिल्या वेचणीचा कापूस आणायचा. बायका ओटीत बांधून आणतात आणि वेदीपुढं अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर मोकळा करतात. बघता बघता गुडघ्याएवढा ढीग होतो. मग त्या वर्षी जन्मलेली लेकरं पुढं आणायची आणि त्या ढिगावर ठेवायची. आईनं तीन पावलं मागं यायचं, गुडघे टेकायचे, दोन्ही तळवे उघडे वर करून मांडीवर ठेवायचे. मंडळी एक गीत म्हणते, चार कडव्यांचं. ते संपेपर्यंत लेकराला कुणी हात लावायचा नाही. तेवढा वेळ ते कुणाचंच नसतं, फक्त देवाचं असतं. गीत संपलं की पाळकसाहेब लेकरू उचलतात, नाव घेतात आणि आईच्या उघड्या हातांत परत ठेवतात.

माझं माहेर वर्ध्याचं. तिथल्या चर्चमध्ये खुर्च्या होत्या, पंखे होते, कापूस नव्हता. लग्न होऊन आले त्या वर्षी मी हे पहिल्यांदा पाहिलं आणि मला फार गोड वाटलं. एका बाळाला कापसानं शिंक आली आणि सगळी मंडळी गाता गाता हसली. मीही हसले. दुसऱ्याचं लेकरू ढिगावर असलं की हसायला काही लागत नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये स्नेहल झाली. कापूस फुटला तेव्हा ती अडीच महिन्यांची होती. माझी रजा चालू होती, म्हणून सासूबाईंबरोबर मी शेतात जायचे. बांधावरच्या कडुनिंबाला झोळी बांधायची, तिच्यात पोर निजवायची आणि डोळ्यांच्या टप्प्यातल्या ओळी वेचायच्या. माझ्या सासूबाईंना घरात सगळे माय म्हणत. बोलायच्या कमी. दोन्ही हातांनी वेचायच्या, बोटं अशी चालायची की बोंडाला कळायचंही नाही. त्या दिवशी वेचता वेचता झोळीकडे बघून, आवाजात काही फरक न करता म्हणाल्या, "माह्या पहिल्याले बी याच महिन्यात ठेवलं होतं ढिगावर. विजय नाव होतं."

मला माहीतच नव्हतं. माझे यजमान मोठे, त्यांच्या पाठीवर एक बहीण, एवढंच मला सांगितलेलं.

"मंग?" मी विचारलं.

"होळीच्या पहिलेच गेला. गोवर निंगाला होता." मग माझ्या कमरेकडे बघत म्हणाल्या, "ओटी भरली तुही. खाली करून ये."

मी गेले, ओटी रिकामी केली, परत आले. पण माझे हात चालेनात. ऊन छान कोवळं होतं, तुरीवर मधमाश्या होत्या, लांब सिंदीकडून गाडीची शिट्टी ऐकू येत होती, आणि मला दरदरून घाम फुटला होता. इतके दिवस मी एवढंच समजत होते की देवाला द्यायचं म्हणजे त्यानं आशीर्वाद देऊन परत करायचं. गीत संपलं की लेकरू मांडीवर. तो कधी कधी परत करत नाही, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. आणि जिला ती ठाऊक होती, ती शांतपणे पुढची ओळ धरून चालली होती.

त्यानंतरचे दोन आठवडे मी दुपटं शिवत होते. मायचं एक जुनं लुगडं होतं, विटकरी चौकड्यांचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. बाळाचं दुपटं ते केवढं असणार? मी ते चांगलं पाच हात लांब केलं, वर आणखी एक पट्टी जोडली. माय एकदा उचलून बघत म्हणाल्या, "काऊन वं, बैलाची झूल शिवून राह्यली काय?"

"थंडी हाये ना माय," मी म्हटलं. "दोनदा गुंडाळता येते."

खोटं बोलले. ते दुपटं मी मुद्दाम लांब शिवत होते. तीन पावलं किती होतात ते मी घरात कुणी नसताना चुलीपासून दारापर्यंत मोजून पाहिलं होतं.

तो रविवार आला. कापसाला एक कोरडा वास असतो, थोडा मातीचा, थोडा फवाऱ्याचा. वेदीपुढं तो भरून राहिला होता. त्या वर्षी तीन लेकरं होती. माझा नंबर शेवटचा. मी स्नेहलला ढिगावर ठेवलं तेव्हा ती जागी होती आणि छताकडे बघत होती. मी दुपट्याचा सैल भाग खाली सोडला, तीन पावलं मागं आले, पदर सावरत गुडघे टेकले आणि ते टोक उजव्या गुडघ्याखाली घेतलं. मग दोन्ही तळवे उघडे करून मांडीवर ठेवले. मंडळीला काय दिसलं असेल? एक तरुण आई, डोळे मिटलेले, हात मोकळे. माझा फोटो काढला असता तर समर्पणाच्या पत्रकावर छापता आला असता. आणि सगळं माझं बळ त्या एका गुडघ्यात होतं.

गीत संपेचना. पहिलं कडवं, दुसरं कडवं. तिसऱ्या कडव्याला तिनं पाय झाडले असावेत. दुपट्याला हिसका बसला आणि तो मला गुडघ्याशी कळला. तेव्हा मला श्वास घेता आला. चौथ्या कडव्यानंतर पाळकसाहेबांनी तिला उचललं, तर दुपटं ताणलं गेलं. त्यांनी जरा ओढलं. मी गुडघा हलवला. "अडकलं होतं वाटते," असं म्हणून ते हसले, मंडळीही हसली, आणि लेकरू माझ्या हातांत आलं. मी तिला इतकं दाबून धरलं की ती रडायला लागली.

पुढं काय झालं? काहीच नाही. हीच तर माझी अडचण आहे. होळी आली, गेली. स्नेहलला गोवर निघाला नाही. नवव्या महिन्यात लस मीच दिली. ती रांगली, चालली, शाळेत गेली. आणि मी वाट बघत राहिले. माझ्या मनानं पक्कं धरलं होतं की ते टोक देवानं पाहिलं आहे. पाळकसाहेबांना चकवता येतं, मंडळीला चकवता येतं, त्याला कसं चकवणार? त्यानं तेव्हा सोडून दिलं, पण तो विसरलेला नाही. आज नाही तर उद्या तो येणार आणि म्हणणार, आता दे. आणि याच्या उलट दुसरी भीती होती, तीही तेवढीच मोठी. मी चूक कबूल करून, आता खरंच दिलं म्हणाले, तर तो खरंच घेऊन जाईल. विजयला नेला तसा. म्हणजे न द्यावं तर तो रागावेल आणि द्यावं तर नेईल. या दोन भिंतींच्या मधे मी तेवीस वर्षं संसार केला, नोकरी केली, रविवारच्या शाळेत मुलांना गोष्टी सांगितल्या.

पोरीला साधा ताप आला तरी मी थर्मामीटरकडे बघण्याआधी वर बघायचे. ती वर्ध्याला नर्सिंगला लागली तेव्हा संध्याकाळी एसटीची वाट बघणं हा माझा एक वेगळा धंदाच होऊन बसला. हिवाळ्यात लवकर अंधारतं. थांब्यावर उभं राहून मी मनात बस चालवायची. आता वर्धा सोडलं असेल, आता पवनार आलं असेल, आता धाम नदीवरचा पूल. पुलावर मी नेहमी थांबायचे. बस पुलापलीकडे गेली आहे अशी खात्री पटेपर्यंत माझा श्वास मोकळा होत नसे, आणि खात्री पटायला काही साधन तर नव्हतं. फोन लावला तर ती चिडायची. "आई, मी बसमधी हाये, नदीत नाई," म्हणायची.

प्रभूच्या प्रार्थनेत एक वाक्य आहे, 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' असं. सगळी मंडळी ते एका सुरात म्हणते, शाळकरी पोरंसुद्धा. मी त्या वाक्याला गप्प बसायचे. ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. पुढं भाकरीचं वाक्य आलं की पुन्हा सगळ्यांच्या बरोबर मोठ्यानं सुरू. कुणाच्या लक्षात आलं नाही. मला वाटायचं, न म्हटलेल्या वाक्याला तो मला धरू शकणार नाही. हसू येतं आता, पण तेव्हा मी हे अगदी गंभीरपणे करत होते. अजूनही परवापर्यंत करत होते.

माझ्या कामात मी रोज दुसऱ्यांना सोडायला शिकवते, हेही सांगायला हवं. लसीकरणाच्या दिवशी बायका लेकरं घेऊन येतात. सुई दिसली की लेकरापेक्षा आईच जास्त आवळते. बाळाचा दंड तिच्या मुठीत असा असतो की टोचायला जागा मिळत नाही. नवीन नर्स असली की अंगठा ओढायला जाते, त्यानं मूठ आणखी घट्ट होते. मूठ सोडवायची तर करंगळीपासून सुरुवात करायची. करंगळीत जोर नसतो. ती उघडली की बाकीची बोटं आपोआप ढिली पडतात. आणि सोडवता सोडवता हळू आवाजात म्हणायचं, "सोड बाई. मी धरलं हाये." हे मी हजारो वेळा म्हटलं असेल. माझ्याबरोबर काम करणारी आशा कार्यकर्ती सुनंदा, ती बौद्ध वस्तीतली, जिभेनं तिखट आणि मनानं सोनं. एकदा चहाच्या वेळी मी तिला ही सगळी दुपट्याची गोष्ट सांगितली. तिनं बशी खाली ठेवली आणि विचारलं, "सिस्टर, तुमचा देव काय दबा धरून बसला हाये काय कुठं?"

मी म्हटलं, "तसं नाई गं."

"मंग भेता काऊन?"

तिच्या त्या एका प्रश्नानं मला जेवढं लाजवलं, तेवढं कुठल्या उपदेशानं लाजवलं नव्हतं. मी ज्याला प्रेमळ बाप म्हणून हाक मारते त्याची माझ्या मनातली मूर्ती रस्त्यावरच्या लुटारूसारखी होती, हे एका परक्या बाईला चहाच्या घोटात कळलं.

उपदेश तर किती ऐकले. सिंदीला एकदा मांडव घालून तीन दिवसांच्या सभा झाल्या होत्या. बाहेरून वक्ते आले होते. विषय होता संपूर्ण समर्पण. आम्ही नर्सबाया आयुष्यभर फॉर्म भरणाऱ्या. संपूर्ण असा शब्द दिसला की आधी विचारतो, म्हणजे नक्की किती? शेवटच्या दिवशी वक्ते म्हणाले, ज्यांनी सगळं वाहिलं त्यांनी हात वर करा. मांडवभर हात वर गेले. माझाही गेला. कारण खरोखर मी बरंच दिलं होतं. बदली कुठंही होवो म्हटलं होतं, राग सोडला होता, नणंदेशी अबोला सोडला होता, पहिल्या कापसाबरोबर पगारातला दहावा हिस्साही जात होता. हात वर करून उभी होते आणि उजव्या गुडघ्यात मला बारीक कळ जाणवत होती. डॉक्टर म्हणाले वयामुळे आहे.

शेतात गुलाबी अळी येते तेव्हा बोंड वरून छान दिसतं. हिरवं, टपोरं, बंद. आपण खूश होतो की भरलंय. दाबून बघितलं तर आत अळी. फुटलेल्या बोंडात तिचं काही चालत नाही, ती बंद बोंडातच वाढते. दरवर्षी मी असं बोंड हातात घेते आणि पुढचा विचार करायचा टाळते.

माय तीन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटचे चार महिने अंथरुणावर होत्या, आणि त्यांचं सगळं मीच केलं. एका दुपारी मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. बाहेर अंगणात कापूस वाळत पडला होता. त्या एकदम म्हणाल्या, "ते दुपटं हाये काय अजून?"

"कोनतं?"

"झूल. विटकरी."

मी म्हटलं, पेटीत आहे. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, "तू गुडघ्याखाली दाबून ठेवलं होतं. मले दिसलं होतं."

माझा तेलाचा हात तिथंच थांबला. वीस वर्षं या बाईनं एक शब्द काढला नव्हता. "मंग बोलल्या काऊन नाई, माय?"

"काय बोलू? मले सुचलं असतं तं विजयच्या वक्ताले मी बी तसंच केलं असतं."

मी रडायला लागले. त्यांच्या पायावर डोकं टेकून, लहान पोरीसारखी. जे शेतात विचारायचं राहिलं होतं ते तेव्हा विचारलं. विजय गेल्यावर दुसऱ्या लेकराला, म्हणजे माझ्या यजमानांना, त्याच ढिगावर त्यांनी कसं ठेवलं? भेव वाटलं नाही?

"वाटलं ना." बोलताना त्यांना दम लागत होता, म्हणून थांबून थांबून बोलत होत्या. "पहिल्याले त्यानं नेलं. मंग मी रडाले कोनाजवळ जाऊ? दुसरं कोनी होतं काय? त्याच्याचजवळ गेली. रोज भांडत होती त्याच्यासंग, निंदता निंदता, वेचता वेचता. दोन वर्षं भांडली. भांडता भांडता मंग याले बी त्याच्याचजवळ ठेवलं."

एवढंच. मी आणखी काही ऐकायला थांबले होते. काही तरी असं, की ज्यानं माझी भीती जाईल. पण त्या खरंच झोपल्या होत्या. त्यांनी मला असं सांगितलं नाही की तो नेत नाही. तसं सांगणं त्यांना शक्यच नव्हतं. तेल पुसून मी बाहेर आले आणि वाळत घातलेला कापूस उगाच उलथापालथा करत बसले.

या वर्षी दसऱ्यानंतर स्नेहल घरी आली होती. नर्सिंग पुरं होऊन तिला वर्ध्यालाच नोकरी लागली होती, आणि मी मनातल्या मनात तिचं सगळं आयुष्य पुलाच्या अलीकडे आखून ठेवलं होतं. आम्ही दोघी भुईमुगाच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. ती शेंगेवरून नजर न काढता म्हणाली, "आई, मी फॉर्म भरला."

"काहाचा?"

"गडचिरोलीच्या पलीकडे जंगलात एक दवाखाना हाये, मंडळीचा. दोन वर्षांसाठी. बोलावलं त्यायनं."

मी त्या जागेचं नाव ऐकलं होतं. पावसाळ्यात रस्ता तुटतो, नदीला पूल नाही, हिवतापानं माणसं जातात. आमच्या खात्यातलं कुणी तिकडं बदलीवर गेलं तर घरी रडारड होते. मी म्हटलं, "वर्ध्याले दवाखाने कमी हायेत काय?"

"वर्ध्याले नर्सा लय हायेत. तिकडं कोनी जात नाई."

"मंग तूच काऊन?"

तिनं हातातली शेंग सोलून दाणे परातीत टाकले. मग अगदी सरळपणे म्हणाली, "तूच तं ठेवलं होतं मले समोर, ढिगावर. दर वर्षी सांगते ना मले, तू शिंकली नाई, रडली नाई, छताकडे बघत होती म्हनून. मंग आता काऊन?"

मी शेंगांची परात घेऊन आत गेले. काय सांगणार होते? की पोरी, ती गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली? रात्रभर नव्हे, पुढचा सगळा महिना मी तिच्याशी नीट बोलले नाही. हिवतापाच्या गोळ्यांची यादी केली, ती फाडली. तिच्या बाबांना पुढं केलं. ते म्हणाले, "तिले जाऊ दे. तू भेते म्हनून तिनं बसून राहावं काय?" तिचं कागदपत्रांचं पाकीट दोनदा माझ्या हातात आलं आणि दोनदा मी ते फडताळात खोल सरकवलं, आणि पुन्हा जागेवर ठेवलं. एकदा वर्ध्याहून येताना पवनारच्या पुलावर बस थांबली, पुढं गुरं आडवी आली होती. खाली धामचं पाणी संथ होतं. मी त्याला मनात म्हटलं, आलास ना शेवटी? तेवीस वर्षं लागली तुला यायला. आणि मग माय भांडायच्या तशी मी भांडले. खिडकीकडे तोंड करून, ओठ दाबून. बस सेलूला पोचली तरी भांडण संपलं नव्हतं.

आमच्याकडे सेवेला जाणाऱ्यालाही कापसाच्या रविवारीच निरोप देतात. तसाच ढीग, तसंच गीत. जाणाऱ्यानं ढिगाशी गुडघे टेकायचे, घरच्यांनी तीन पावलं मागं यायचं. फरक इतकाच की गीत संपल्यावर पाळकसाहेब परत काही देत नाहीत.

परवा सकाळी मी पेटी उघडली. ते दुपटं बाहेर काढलं, वास घेतला, पुन्हा घडी करून ठेवलं. बरोबर नेलं नाही. काठाची साडी नेसले. ओटीत आमच्या शेताचा कापूस बांधला, चर्चमध्ये ढिगावर मोकळा केला. स्नेहल पांढऱ्या कपड्यांत पुढं गेली आणि गुडघे टेकून बसली. मी तिच्या शेजारी होते, यजमान माझ्या मागं. तिचा चेहरा शांत होता, पाठ ताठ. मला वाटलं, या पोरीला कसली भीतीच नाही. ही तिच्या आजीवर गेली.

पाळकसाहेब म्हणाले, "घरच्यांनी मागं यावं."

मी उठले, वळले, आणि एक पाऊल टाकलं तर पदर ताणला. खांद्यावरची पिन टोचली. मला वाटलं कुणाच्या तरी पायाखाली आला. वळून पाहिलं तर पदराचं टोक स्नेहलच्या मुठीत होतं. ती समोर वेदीकडेच बघत होती. तशीच ताठ, तशीच शांत. पण मूठ मांडीआड लपवलेली, आणि इतकी आवळलेली की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. गीत सुरू झालं होतं. सोडवायची नाही, असंही मनात आलं. इथंच बसावं तिच्याजवळ, पदर राहू द्यावा तिच्या मुठीत, आणि मंडळीला काय वाटायचं ते वाटू द्यावं. तेवीस वर्षं जे माझ्या गुडघ्याखाली होतं ते आता तिच्या मुठीत होतं, आणि ते तिला मीच दिलं होतं, दर थांब्यावर, दर फोनवर, दर तापाला. मी खाली वाकले. तिचा हात हातात घेतला. थंडगार होता. करंगळीपासून सुरुवात केली. करंगळी उघडली, मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं. तिनं मान न वळवता हळूच म्हटलं, "आई, मले भेव वाटून राह्यलं."

"मले बी," मी म्हटलं. "सोड, माय. त्यानं धरलं हाये."

हे खरं आहे की नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. उद्या जंगलातून तिचा फोन लागणार नाही तेव्हाही माहीत नसेल. पण दुसऱ्या बायांना मी हेच हजारो वेळा म्हटलं होतं, आणि माझ्या लेकीला सांगायला माझ्याजवळ याहून मोठं काही नव्हतं. तिची मूठ उघडली. तळव्यावर चार नखांच्या खुणा होत्या, त्यांवर थोडा कापूस चिकटला होता. तिचे दोन्ही हात मी तिच्या मांडीवर उघडे ठेवले आणि मागं आले. एक, दोन, तीन.

गीतानंतर प्रार्थना झाली. ते वाक्य आलं. मी म्हटलं. आवाज इतका फाटका निघाला की पुढच्या बाईनं वळून पाहिलं. मी गुडघे टेकून दोन्ही तळवे उघडे धरून बसले होते. एकदा, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं, मी उजवा गुडघा जरा हलवून पाहिला. खाली काही नव्हतं. नुसती थंड फरशी होती.